आभाळात तेल पाजणारा घरत

भास्कर घरत जाऊन दोन गणपती झाले. आमच्या जोहे गावात, पेणजवळ, वर्षं अशीच मोजतात. माणूस गेला की त्याच्याविषयीचं मनातलं सगळं त्याच्याबरोबर सरणावर ठेवावं, असं म्हणतात. मी ठेवून पाहिलं. बाकी सगळं जळलं, हेवा तेवढा ओल्या लाकडासारखा धुमसत राहिला. अजून धूर येतो.

बरं, मेला तोही असा की जिवंत माणसाला हेवा वाटावा. जेवला, गाईच्या गोठ्याचं दार लावलं, झोपला, सकाळी उठला नाही. त्याची बायको म्हणाली, "कधी सोडलं ते मला कळलंच नाय." मी मरेन तेव्हा, मला ठाऊक आहे, पेण तालुक्याला कळेल आणि खाडीपलीकडचे लोक तक्रार करायला येतील.

तो येण्याआधी जोह्यात माझं राज्य होतं. माझा गणपतीचा कारखाना रस्त्यालगतच, मागे भातशेती, पुढे पेणची एस.टी. थांबते. आठ बायका रंगकामाला. सकाळपासून मान मोडून सोंडेवर, कानावर, उंदरावर रंग चढवायचा म्हणजे जीव कंटाळतो. म्हणून मी गोष्टी सांगायचो. आमच्या कारखान्यात मजुरी इतरांइतकीच, पण गोष्टी वरकड. माझी खाडीतल्या चिंबोरीची, म्हणजे खेकडीची, गोष्ट सगळ्या गावाला पाठ होती. एवढी मोठी, की तिनं धरमतरच्या रस्त्यावर नांगी आडवी करून एस.टी. थांबवली आणि कंडक्टरनं तिला घाबरून पूर्ण तिकीट फाडलं, अर्धं नाही. खोटं म्हणाल तर खोटं. पण गणपतीचं पोट चार बोटं वाढवलं म्हणून आजवर एका गिऱ्हाइकानं तक्रार केलेली नाही, मग चिंबोरीनं काय पाप केलं?

तर अशा भरल्या राज्यात एका सकाळी हा माणूस आला. पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. हातात छत्री आणि जेवणाचा डबा. कारखान्याच्या दारात येऊन थांबला. आत नाही आला. थांबला, आमच्याकडे बघितलं, मग एक पाऊल. परत थांबला.

"काम हाय?"

"काय येतं?"

"बघायला येतं."

बायका हसल्या. मी म्हटलं, "बघायला मलापण येतं हो. पैसे कोणी देत नाय."

"मला तीस वर्षं बघायचाच पगार होता," तो म्हणाला. फुशारकी नाही, काही नाही. टपालाचा पत्ता सांगावा तसं.

हा मूळचा आमच्याच खाडीकडचा, मिठागरावरच्या घरातला. अठराव्या वर्षी विमानदलात गेला, निवृत्त होऊन बायकोच्या माहेरी रोह्याला कुंडलिकेच्या काठी घर बांधलं. हंगामात सकाळच्या गाडीनं रोह्याहून पेण, पेणहून एस.टी.नं जोहे. एवढं सगळं का, तर घरी बसून हात गंजतात.

मी त्याची जिरवायची म्हणून एक टाकाऊ मूर्ती पुढ्यात ठेवली. "डोळे आखा." आमच्या धंद्यात डोळ्यांची आखणी म्हणजे शेवटचं आणि सगळ्यांत अवघड काम. डोळा चुकला तर देव रागावलेला दिसतो, नाहीतर झोपलेला. कारखान्यात ते मी एकटा करायचो. घरतनं कुंचला उचलला, मूर्तीपासून वीतभर अंतरावर आणून थांबवला. तीन श्वास. मग हात असा पुढे गेला की गेलेला दिसलाच नाही. उजवा डोळा झाला. डाव्या डोळ्याआधी मात्र तो बराच वेळ थांबला. इतका, की मला वाटलं याला पेंगच आली. मग तोही आखला.

मूर्तीनं माझ्याकडे बघितलं. शपथेवर सांगतो, बघितलं. आणि माझ्या पोटात पहिली ठिणगी पडली.

कुंदा आमच्याकडची सगळ्यांत जुनी रंगकामवाली. तिच्या जिभेला धार लावावी लागत नाही. ती म्हणाली, "नाना, तुमच्या गणपतीला चष्मा लागेल हो आता याच्यापुढं."

"गप, कुंदे."

पण खरी आग लागली ती चौथ्या-पाचव्या दिवशी. कुंदानं त्याला विचारलं, "मामा, विमानात तुमी काय बघायचाव?" आणि घरत रंगकाम करता करता, मान वर न करता बोलू लागला.

"आमचं विमान म्हंजे उडता पेट्रोलपंप गो. मी त्याच्या शेपटीत, काचेच्या खिडकीशी, मागं तोंड करून बसायचो. मागून दुसरं विमान येणार. तेवढंच थोराड, तुझा हा कारखाना दोनदा मावेल असं. आम्ही लांब पाईप सोडणार, त्याच्या टोकाला टोपली. त्याच्या नाकावर सोंड. ती सोंड त्यानं टोपलीत घालायची, मग तेल चालू."

"उडता उडता?"

"उडता उडता. पळतायत दोघं वाऱ्यापेक्षा जोरात. पण एकमेकाजवळ यायचं ते बाई देवळात जाते त्या चालीनं."

"आणि जोरात आला तर?"

"पाईप ढिला पडतो. ढिल्या पायपात लाट उठते. तू दावं झटकतेस ना, तशी. ती लाट आमच्यापर्यंत येते आणि परत जाते. जाताना चाबूक होऊन जाते."

"आणि हळू आला?"

"मग टोपली नीट बसत नाय. तेल त्याच्या काचेवर. तो आंधळा, आणि आमच्या शेपटीखाली."

"अगो बाई."

"मोठं विमान पुढची हवा ढकलत येतं, होडी पाणी ढकलते तशी. टोपली बाजूला सरते. नवा पायलट टोपलीमागं धावतो. टोपलीमागं धावला तो गेला. त्यानं आमच्या विमानाकडं बघायचं, टोपलीकडं नाय. टोपली मी बघणार. त्याचा मला पगार."

मी बघितलं, आठही कुंचले थांबले होते. माझ्या चिंबोरीनं उभ्या आयुष्यात तीनच्या वर कुंचले कधी थांबवले नव्हते! आणि ह्या बाबानं एक शब्द वाढवलेला नव्हता. लोकहो, खोटं बोलणाऱ्याला दुसऱ्या खोटारड्याशी लढता येतं. खरं बोलणाऱ्याशी काय लढणार? त्याच्याकडे दारूगोळाच वेगळा.

मग त्यानं ती गोष्ट सांगितली. म्हणजे अर्धी.

"एकदा खाली सगळीकडं धुकं. उतरायला जागा नाय. मागून आलेलं विमान पाठीवर रडारची मोठी तबकडी असलेलं, माणसांनी भरलेलं, आणि त्याचं तेल संपत आलेलं. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा सोंड बसली, तेल चालू झालं. आणि मला पायपात लाट दिसली. लहान. पण दिसली. लाट दिसली की माझं काम एक, ओरडायचं, 'सोड!' मग त्यानं खाली जायचं, आम्ही वर."

"मग?"

"मग ओरडलो."

"मग काय झालं, मामा?"

"मग सोडलं," घरत म्हणाला, आणि पुढ्यातल्या मूर्तीच्या डाव्या डोळ्यापाशी थांबला.

बस्स. पुढे एक अक्षर नाही. तीन हंगाम ती गोष्ट तिथंच अडकली. बायका दर चार दिवसांनी विचारायच्या, तो दर वेळी "मग सोडलं" म्हणायचा. माझ्या शेपूट, शिंगं, पंख असलेल्या शंभर पुऱ्या गोष्टींना कोणी विचारेना, आणि याची अर्धी गोष्ट अख्ख्या जोह्यात फिरू लागली. माझी बायको, सुमन, लग्नाला पस्तीस वर्षं झाली, माझ्या चिंबोरीला प्रत्येक वेळी हसलेली बाई! तीही एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "घरतभावजींचं बरं हाय. कमी बोलतात, पण ऐकावंसं वाटतं." त्या दिवशी मी भाकरी अर्धीच खाल्ली. तेवढंच माझ्याकडून अर्धं.

घरतच्या सवयी तर अशा की सांगू नये. तो चहाचा पेला पुढे करायचा आणि सोडायचा नाही. आपण धरला तरी सोडायचा नाही. विचारायचा, "धरला?" आपण म्हणायचं, "धरला." मग, "सोडू?" आपण म्हणायचं, "सोड." तेव्हा कुठे बोटं सुटायची. मी पहिल्यांदा म्हटलं, "अरे चहा हाय का बॉम्ब?" तर म्हणाला, "पाजताना घाई नको, नाना, सोडताना उशीर नको." हे त्याचं पेटंट वाक्य. वासराला दूध पाजताना तेच, पाहुणा निघाला की तेच.

वाईट हे, की ते कामाचं निघालं. मोठ्या मूर्ती ट्रकमध्ये चढवताना खालचा देतो, वरचा घेतो, आणि देणं-घेणं यांच्यामध्ये दर हंगामात आमच्या पाच-सात मूर्ती फुटायच्या. बायकांनी आपण होऊन घरतची रीत उचलली. "धरला?" "धरला." "सोडू?" "सोड." त्या वर्षी एक कान तुटला नाही. शेजारच्या कारखान्यांनीही ते उचललं. माझ्या तीस वर्षांच्या कारखानदारीत जोह्यानं माझं काय उचललं? चिंबोरी. तीही आता खाली ठेवली.

आणि मग मी ती चूक केली, जी फक्त आमच्यासारखा गोष्टीवेल्हाळ माणूसच करू शकतो. एका मंडळाची मूर्ती, पाच फुटी, चढवत होतो. मी ट्रकवर, घरत आणि दोघं खाली. रस्त्यावर मंडळाची पोरं उभी, आणि कितीतरी महिन्यांनी मला नवं गिऱ्हाईक मिळालं होतं. मी चिंबोरी सुरू केली. ती एस.टी.पर्यंत आली होती. खालून घरत म्हणाला, "धरला?" मी पोरांकडे बघत म्हटलं, "धरला." "सोडू?" "सोड!" आणि माझा एक हात चिंबोरीची नांगी दाखवायला हवेत होता.

सोंड तुटली. देवाची सोंड तुटली की मूर्ती गेलीच. सगळ्यांना दिसलं होतं कोणाची चूक. मी तोंड उघडलं, आणि त्याआधी घरत म्हणाला, "माझं चुकलं. मी सोडायला घाई केली."

बघा हं. माणसानं दुसऱ्याचं किती न्यावं? डोळे नेले, बायका नेल्या ऐकणाऱ्या, रीत त्याची झाली, आणि आता माझी चूक, माझी स्वतःची हक्काची चूक, तीही घेऊन गेला. कुंदा माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाली, "टोपलीमागं धावलाव ना, नाना?"

त्या दिवशी मी ठरवलं. ती अर्धी गोष्ट मी पुरी करणार. त्याच्या देखत, त्याच्या घरात, आणि अशी करणार की लोक घरतला विसरतील. राज्य परत घ्यायचं तर किल्ल्यात शिरूनच घ्यायचं.

संधी साखरचौथीला आली. गणेशचतुर्थीला आम्ही मूर्तिकार लोकांचे गणपती रंगवण्यात बुडालेले असतो, म्हणून आमच्याकडे पुष्कळांचा घरचा गणपती नंतर, साखरचौथीला बसतो. घरतनं अख्ख्या कारखान्याला रोह्याला बोलावलं. दिवसभराचा उपास, आणि चंद्र उगवल्याशिवाय नैवेद्य नाही. म्हणजे तिन्हीसांजेला अंगणात पंचवीस उपाशी माणसं चंद्राची वाट बघत बसलेली. गोष्ट सांगणाऱ्याला याहून चांगलं मैदान देवानं अजून बनवलेलं नाही.

घरतकडे एक पाहुणे होते. नाईकसाहेब म्हणून, वर्ध्याचे, विमानदलातलेच मोठे अधिकारी, निवृत्त. दर साखरचौथीला येतात म्हणे. ताठ बसलेले, आणि दिवस मावळला तरी डोळ्यांवर काळा चष्मा. मी मनात म्हटलं, वा, साहेबी!

कुंदा म्हणाली, "नाना, सांगा कायतरी, पोटात कावळे ओरडतायत."

"सांगतो की. घरतच्या विमानाची सांगतो. याला स्वतःला शेवट माहीत नाय, मला माहीत हाय."

घरत नैवेद्याची पानं पुसत होता. त्याचा हात थांबला.

मग मी सुटलो. धुकं असं घातलं की पायलटला स्वतःची मिशी दिसेना. तबकडीवाल्या विमानात माणसं नुसती भरली नाहीत, दोन बसली होती ती टपावर. सोंड बसली, तेल सुरू झालं, पायपात लाट उठली. लाट कसली, अजगर! घरत ओरडला, "सोड!" तो आवाज इतका मोठा की खाली रोह्याच्या स्टेशनात उभ्या गाडीच्या ड्रायव्हरनं ब्रेक सोडले. लोक हसत होते. सुमन हसत होती! मी सुमनकडे बघून अजून चढलो. "टोपली सुटली ती चाबकासारखी मागच्या विमानावर! सरळ काचेवर! काचेमागं पायलट. आता फुटणार, आता गेला! आणि टोपली काचेपाशी आली, आणि थांबली. वीतभर अंतरावर. तीन श्वास. मग काचेला नुसती टेकली, जशी सासुरवाशीण उंबऱ्याला टेकते, नमस्कार केलान्, आणि मागं फिरली. काचेला ओरखडा नाय!"

अंगण हसून लोटपोट. टाळ्या. मी विजयी होऊन घरतकडे बघितलं.

घरत पान हातात धरून उभा होता आणि त्याचा चेहरा ओल्या मातीचा झाला होता. त्याची बायको उठून आत गेली. हसणं एकेका तोंडातून निघून गेलं, दिवे मालवावेत तसं.

नाईकसाहेबांनी काळा चष्मा काढला. डावा डोळा काचेचा होता.

"छान सांगता तुम्ही," ते म्हणाले. "त्या काचेमागं मी होतो."

टोपली दाखवायला वर केलेला हात मी हळूच खाली घेतला.

घरत म्हणाला, "माझ्यामुळं, नाना. लाट दिसली तेव्हाच ओरडायचं होतं. नियम तोच हाय. मी म्हटलं, अजून थोडं तेल जाऊ दे, आत एवढी माणसं. मिनिटभर थांबलो. त्या मिनिटात लाट मोठी झाली."

"आणि त्या मिनिटाच्या तेलावर आम्ही धुक्याबाहेर जाऊन उतरलो," नाईकसाहेब म्हणाले. "हे मी याला दर वर्षी येऊन सांगतो. सगळे खाली आलो, एक डोळा तेवढा वर राहिला. हा ऐकून घेतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा तोच चेहरा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "एका डोळ्याला अंतर कळत नाही हो. अजून चहाचा पेला घेताना माझा हात चुकतो. पण तुमची ती टोपली, वीतभर अंतरावर थांबली ना? ती मला दिसली. परत सांगा."

"साहेब, मला माहीत नव्हतं…"

"माहीत नव्हतं म्हणूनच बरं. सांगा."

मी घरतकडे बघितलं. तो खाली बसला. माझ्याजवळ, पाटावर. म्हणाला, "सांग, नाना. काच शाबूत ठेव."

मी परत सांगितली. तेच धुकं, तोच अजगर. काचेपाशी आलो तेव्हा माझा आवाज मला ओळखू येईना, पण टोपली मी थांबवली. नमस्कार करवला. परत पाठवली. मध्येच कधीतरी चंद्र उगवला होता आणि पंचवीस उपाशी माणसांतल्या एकालाही त्याची आठवण नव्हती.

घरतनं हातातलं पान माझ्यापुढं मांडलं. मग म्हणाला, "एवढी वर्षं मला त्या काचेपुढं जाता आलं नाय. तू दोनदा जाऊन आलास. हेवा वाटतो रे तुझा."

तीन हंगाम मी या एका वाक्यासाठी जळलो होतो. ते मिळालं, आणि मला ते ठेवायला जागा सापडेना.

दुसऱ्या दिवशी विसर्जन झाल्यावर आम्ही नाईकसाहेबांना सोडायला रोह्याच्या स्टेशनात गेलो. घरत मला शेवटचा दिसला तो तिथं. हंगाम संपला होता, आणि पुढचा यायच्या आत तो गेला. साहेब खिडकीशी बसले होते. घरतनं घरून थर्मासमधून चहा आणला होता, तो स्टीलच्या पेल्यात ओतला आणि खिडकीच्या गजांमधून आत धरला. गाडीनं शिटी दिली. साहेबांचा हात पेल्याच्या जरा अलीकडे आला, थांबला, मग सापडला.

"धरला, सर?"

"धरला."

गाडी हलली. घरत पेल्यासकट दोन पावलं चालला, बाई देवळात जाते त्या चालीनं.

"सोडू?"

खिडकीतून काही ऐकू आलं नाही. घरत अजून एक पाऊल चालला. मला कळत होतं, आता उशीर होतोय. आणि माझ्याच तोंडून निघालं, एवढ्या मोठ्यानं की हमालानं मागं वळून बघितलं:

"सोड, भास्कर!"

त्यानं सोडलं. पेला आत गेला. त्यातला एक थेंबही सांडला नाही, हे मी शपथेवर सांगतो. आणि या वेळी वाढवून सांगत नाही.